किती ठेवायचे, याची मोजणी

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, त्यानंतरची तीन वर्षे मी त्या ग्रामसभेसोबत जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करण्याचे काम केले. दाव्याचे अर्ज, पुरावे, उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांपुढील सुनावण्या, त्रुटी काढून परत आलेली कागदपत्रे हा सगळा लांबचा पल्ला गावाने माझ्या येण्याआधीच गाठला होता. मी वनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि मोजणीच्या कामात मदत करणे एवढेच माझ्याकडून अपेक्षित होते. पट्टा मिळाला की काम संपले, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी एका मोठ्या जंगलाची जबाबदारी गावाच्या पदरात पडते, आणि ती पेलायची कशी हे पट्ट्याच्या कागदावर लिहिलेले नसते.

अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्याची चर्चा बहुधा कसत असलेल्या जमिनीच्या पट्ट्यांपुरतीच होते. त्याच्या कलम ३ मधील एक हक्क मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. गाव जे जंगल परंपरेने राखत आणि वापरत आले आहे, त्याचे संरक्षण, पुनर्निर्मिती, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा तो हक्क आहे, आणि त्याच्याच जोडीला कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट क्षेत्रे राखण्याचे काम ग्रामसभेकडे सोपवले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार गावाकडे नव्हता. कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी उपज, म्हटलेले असतानाही हा पेच सुटायला वेळ लागला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन परवाने देण्याची ही वाट इतर ग्रामसभांनाही मोकळी झाली. आमच्या गावातील वडीलधारी मंडळी मेंढ्याचा उल्लेख घरातल्या थोरल्या भावाचा करावा तशा आदराने करीत.

आराखड्यासाठी बोलावलेली पहिली ग्रामसभा दोनदा तहकूब करावी लागली. निम्म्याहून कमी सभासद आले तर गणसंख्या होत नाही, आणि आलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. धानाच्या रोवणीचे दिवस होते, त्यामुळे बाया बांधावरून उठणार तरी कशा? तिसऱ्या वेळी सभा रात्री घेतली, तेव्हा अंगण भरले. एका तरुणाने व्यापाऱ्यांशी बोलणी केली होती आणि त्याचा प्रश्न सरळ होता: यंदा किती बांबू निघेल? मी वहीत रकाने आखून तयारच होते. गटाचे नाव, रांज्यांची म्हणजे बांबूच्या बेटांची संख्या, तोडण्याजोगे बांबू, अंदाजे उत्पन्न. ग्रामसभेच्या समितीतील एक वयस्क मावशी माझ्या शेजारी बसून ती वही पाहत होत्या. त्यांना अक्षरओळख बेताची होती, म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यांनी मला विचारून घेतला आणि मग म्हणाल्या, "ताई, ठेवायचे किती, ते कुठं लिहिणार?"

माझ्या वहीत त्यासाठी जागाच नव्हती. चार वर्षे शिकून आलेल्या मला तो रकाना सुचला नव्हता, याचे मला त्या रात्री फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी नवी वही आखली आणि त्यात तो रकाना तोडण्याच्या रकान्याच्या आधी घातला. पुढची तीन वर्षे आम्ही जे जे काम केले, ते या दोन रकान्यांच्या क्रमातून निघाले, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

सीमा फिरून नकाशा करण्याचे काम जीपीएस यंत्रामुळे चार दिवसांत उरकले. मोजणीला मात्र संपूर्ण हिवाळा लागला. सगळे जंगल मोजणे शक्य नसते, म्हणून नकाशावर ठरावीक अंतराने बिंदू टाकून प्रत्येक बिंदूपाशी ०.१ हेक्टरचा, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांचा नमुना चौकोन आखायचा असतो. त्याची प्रत्येक बाजू ३१.६२ मीटर भरते. आम्ही त्या मापाची दोरी करून तिच्या टोकांना गाठी मारल्या होत्या, आणि समितीतील पोरांनी त्या दोरीचे नावच "एकतीस-बासष्ट" पाडले होते. चौकोनातील प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, फितीने मोजायचा. उंची प्रत्येक वेळी मोजत बसण्यापेक्षा एका बांबूच्या काठीवर त्या ठिकाणी लाल रंगाची पट्टी ओढली, आणि ती काठी धरण्याचे काम एका आजोबांनी स्वतःकडे घेतले. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह अशी नावे ते सांगत आणि मी लिहीत असे. पानगळ झालेल्या झाडाची साल नखाने किंचित खरवडून, आतला रंग पाहून ते नाव सांगत, आणि पुढे पालवी फुटल्यावर मी ती नावे पडताळून पाहिली, तेव्हा त्यांतले एकही चुकलेले निघाले नाही.

या मोजणीतून हाती आलेली सर्वांत गंभीर गोष्ट बांबूची नव्हती, मोहाची होती. चौकोनांमध्ये मोहाची मोठी, जुनी, भरदार झाडे मिळत होती, पण मनगटाएवढी किंवा करंगळीएवढी रोपे जवळजवळ कुठेच मिळत नव्हती. फुले वेचली जातात, बिया तेलासाठी गोळा होतात, आणि जे काही रुजते ते उन्हाळ्यातल्या आगीत जळते किंवा जनावरांच्या तोंडी जाते. वरून पाहणाऱ्याला असे जंगल घनदाट आणि निरोगी दिसते. उपग्रहाच्या चित्रातही ते हिरवेच दिसेल. पण ज्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि पोर एकही नाही, त्या घराचे पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ग्रामसभेत मी हे आकडे वाचून दाखवले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

आता बांबूविषयी. आमच्या जंगलात प्रामुख्याने मानवेल जातीचा बांबू होता. बांबूच्या एका बेटाला तिकडे रांजी म्हणतात. रांजीतला प्रत्येक बांबू पावसाळ्यात जमिनीतून कोंब म्हणून वर येतो, काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर त्याची जाडी वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त आतून कठीण होत जातो. नवे कोंब जमिनीखालच्या कंदातून येतात, आणि त्यातही ते जुन्या बांबूंच्या कंदांपेक्षा एक-दोन वर्षे वयाच्या कोवळ्या बांबूंच्या कंदांतून फुटतात. त्यामुळे रांजी बाहेरच्या बाजूला पसरत जाते आणि म्हातारे बांबू मध्यभागी राहतात. तोडणाऱ्याला मात्र बाहेरचा बांबू हाताशी असतो. या भागातला बांबू पूर्वी दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद गिरणीसाठी तोडला गेला, आणि अनेक रांज्यांमध्ये आम्हाला त्या काळाच्या खुणा दिसल्या. बाहेरची कड छाटलेली, आणि आत वाळलेल्या, वाकड्या, एकमेकांत अडकलेल्या बांबूंचा असा गुंता की त्यात हात घालता येऊ नये. काठी धरणारे आजोबा तरुणपणी त्या तोडीवर मजुरीला गेले होते. ते म्हणाले, "बाहेरचे सोपे होते, तेच तोडत गेलो. आत कोणी हात घातला नाही. मुकादम बंडल मोजत होता, रांजी नाही."

म्हणून पहिल्या वर्षी आम्ही विक्रीपेक्षा रांज्यांच्या सफाईवर भर दिला. दिसायला कंटाळवाणे असे हे काम आहे, पण मला त्याने सर्वाधिक शिकवले. बांबूचे वय ओळखल्याशिवाय त्याला कोयता लावायचा नाही, हा पहिला नियम. यंदाच्या बांबूच्या पेरांवर तपकिरी, कागदासारख्या खोळी अजून चिकटलेल्या असतात आणि त्याच्या अंगावर पांढरट भुकटी असते, जी बोट फिरवले की बोटाला लागते. दुसऱ्या वर्षी खोळी गळून पडतात, भुकटी धुऊन जाते, आणि फांद्या वाढलेल्या दिसतात. तिसऱ्या वर्षानंतर हिरवा रंग पिवळसर, मळकट होत जातो, अंगावर शेवाळाचे डाग दिसू लागतात, आणि कोयत्याच्या पाठीने टकटक केले तर कोवळ्या बांबूच्या ओलसर आवाजाच्या जागी खणखणीत आवाज येतो. तोडायचा तो हा. तोडतानाही जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर घाव घालायचा. पेरापासून बऱ्याच वर तोडले तर उरलेल्या खुंटाचा पेला तयार होतो, त्यात पाणी साचते आणि ती कूज पुढे खाली कंदापर्यंत उतरू शकते. रांजीत शिरायला वाट करताना ती घोड्याच्या नालेसारखी करायची, आणि नालेचे तोंड ज्या बाजूला नवे कोंब नाहीत त्या बाजूला ठेवायचे. हे सगळे शब्दांत सांगायला सोपे वाटते, पण एका रांजीवर पाच माणसांचा अर्धा दिवस जाई, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातांवर ओरखडेच ओरखडे असत.

ग्रामसभेने ठराव केला की जंगलाचे तीन भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड करायची, यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू अजिबात तोडायचा नाही, आणि पक्व बांबूंपैकीही प्रत्येक रांजीत किमान आठ उभे ठेवायचे, कारण आधाराला जुने बांबू नसले तर कोवळे बांबू वाऱ्याने वाकतात. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. वास्त्यांवरून मात्र मोठा वाद झाला. बांबूच्या कोवळ्या कोंबांना तिकडे वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात त्यांची भाजी घरोघरी होते. मी पुस्तकी उत्साहाने वास्ते काढण्यावर पूर्ण बंदी सुचवली. बायांनी ती साफ नाकारली. त्यांचे म्हणणे असे होते की पहिल्या पावसात आलेले वास्ते राखावेत, पण पोळ्यानंतर येणारा वास्ता सहसा बांबू होत नाही, तो मधेच वाळतो, मग तो खाल्ला तर काय बिघडले? मी संदर्भ चाळले, तेव्हा बांबू व्यवस्थापनाच्या शास्त्रातही हंगामाच्या शेवटी येणारे कोंब काढण्याची आणि आधीचे राखण्याची शिफारस मिळाली. ठराव बायांच्या शब्दांत लिहिला गेला, आणि मला वाटते की तो पाळला गेला त्याचे कारणही तेच होते.

सगळे ठराव मात्र असे पाळले गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी लिलावातून एका व्यापाऱ्याशी करार झाला. लांब बांबू आणि बंडल यांचे दर ठरले, ग्रामसभेने स्वतःच्या शिक्क्याचे वाहतूक परवाने दिले, आणि गावकऱ्यांनीच मजुरीवर तोड सुरू केली. मजुरी नगावर होती. तिसऱ्या आठवड्यात गस्तीवरच्या गटाला एका टेकडीच्या उतारावर बेचाळीस कोवळे बांबू तोडलेले सापडले. काहींच्या पेरांवर खोळी अजून तशाच होत्या. मी तिथे गेले तेव्हा एका खुंटातून पाणी पाझरत होते. आम्ही एका हिवाळ्यात जपलेल्या रांज्या होत्या त्या, आणि तोडणारे बाहेरचे कोणी नव्हते, ज्यांनी सफाईच्या वेळी माझ्याबरोबर काम केले होते त्यांच्यातलेच दोघे होते.

त्या रात्रीच्या सभेत दोघांनी चूक कबूल केली. नग भरले नाहीत तर दिवस वाया जातो आणि पक्व बांबू शोधत गुंत्यात शिरण्यात वेळ जातो, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. सभेने त्यांना बेचाळीस बांबूंची मजुरी नाकारली आणि त्याच उताराची वर्षभराची राखण त्यांच्यावर सोपवली. पुन्हा असे झाले तर दंड, आणि तिसऱ्यांदा झाले तर तोडीच्या कामातून बाद, असेही ठरले. सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेमके हेच नोंदवले आहे की ज्या समूहांनी आपली कुरणे, जंगले, पाणी दीर्घकाळ टिकवले त्यांच्यात शिक्षा सौम्यपणे सुरू होते आणि चूक पुन्हा झाली तर वाढत जाते. सभेतल्या कोणी हे वाचलेले नव्हते. पण शिक्षेपेक्षाही महत्त्वाचा निर्णय मजुरीचा होता. ती नगावरून काढून रोजावर आणली गेली आणि रांजी नियमाप्रमाणे ठेवली की नाही हे तपासूनच हजेरी धरली जाऊ लागली. चुकीची मोजणी केली तर चुकीचेच काम होते, आणि आमची पहिली मोजणी पुन्हा एकदा तोडलेल्याचीच होती.

आगीविषयी थोडे सांगायला हवे, कारण बांबूपेक्षाही मोठा प्रश्न तोच होता. फेब्रुवारी ते मे या काळात पानगळीच्या जंगलात जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर असतो. मोहाखालची फुले दिसावीत म्हणून तो पेटवला जातो, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते, आणि ती पसरत जाते. ग्रामसभेने मोहाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या पसरायला सुरुवात केली, तेंदूसाठी आगीऐवजी खुटकटाई, म्हणजे झुडपे बुंध्याशी छाटणे, ठरवली, आणि होळीच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करण्यासाठी बांबूच्या उत्पन्नाचा एक हिस्सा बाजूला काढला. त्या वर्षी आमच्या हद्दीतला एक उतार आगीपासून वाचला आणि नाल्यापलीकडचा समोरचा उतार जळला. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीत मी योगायोगाने तिथे होते. जळलेल्या उतारावरून लाल, गढूळ पाण्याचे लोट नाल्यात येत होते. अलीकडच्या उतारावर तोच पाऊस पाल्याच्या थरावर पडत होता, पण वाहून येणारे पाणी थोडे होते आणि ते जवळजवळ नितळ होते. मी दोन्ही बाजूंचे पाणी दोन बाटल्यांत भरून आणले आणि समाजमंदिराच्या खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी एका बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. जंगल माती धरून ठेवते, पाणी जिरवते, हे मी परीक्षेत कितीदा लिहिले असेल, पण त्या दोन बाटल्या पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना मला काहीच समजावून सांगावे लागले नाही.

आराखड्यात कर्बाचाही (कार्बनचाही) हिशेब होता. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो आणि एक किलो कर्ब साठला म्हणजे हवेतला सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला गेला, या सूत्रांनी मी चौकोनांचे आकडे काढले. हवामानबदलाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. तरीही माझे मत असे झाले आहे की केवळ कर्ब मोजणाऱ्याला मोहाची ती रोपे नसलेली घरे दिसत नाहीत, कारण म्हाताऱ्या झाडांच्या घेरातच कर्ब भरपूर भरतो. म्हणून आराखड्यात आम्ही कर्बाच्या तक्त्याआधी रोपांचा तक्ता लावला, आणि दहा जुन्या मोहांभोवती बांबूचीच कुंपणे करून तिथली जमीन चराई आणि आगीपासून राखण्याचे ठरवले. हा आराखडा पुढे वन विभागाच्या कार्ययोजनेशी जोडला जावा अशी नियमांत तरतूद आहे. त्यासाठीचा पत्रव्यवहार मी तिथून निघेपर्यंत चालूच होता, आणि गावाने त्याची वाट पाहत काम थांबवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर आम्ही पहिल्या वर्षी सफाई केलेल्या भागात पुन्हा मोजणीला गेलो. एकतीस-बासष्टची दोरी झिजली होती, गाठी मात्र तशाच होत्या. एका रांजीपाशी, जिच्या गुंत्यात शिरायला पहिल्यांदा आम्हाला अर्धा दिवस लागला होता, मावशी उकिडव्या बसून एकेका नव्या बांबूला हात लावत मोजू लागल्या. मधल्या मोकळ्या जागेत ऊन पडले होते. यंदाचे अकरा बांबू निघाले, पहिल्या वर्षी तिथे तीन होते. बोटांना लागलेली पांढरी भुकटी त्यांनी पदराला पुसली आणि मला वहीत लिहायला सांगितले. मी पहिल्या रकान्यात लिहिले. दुसरा रकाना यंदा रिकामाच ठेवायचा, असे त्यांनी मागे न पाहता सांगितले आणि पुढच्या रांजीकडे चालू लागल्या. कुंपण केलेला पहिला मोह त्याच वाटेवर होता. तिथे जमिनीलगत तळहाताएवढ्या पानांची चार रोपे होती, आणि काठी धरणारे आजोबा त्यांच्याभोवतीची गवताची काडी न् काडी हाताने उपटत बसले होते.